मधली चित्रं

ताडदेवला, बॅटरी चार्ज करून देणाऱ्या दुकानावर
दोन जिने चढून आमचा स्टुडिओ होता.
स्टुडिओ म्हणजे सात टेबलं,
प्रत्येकाला मधोमध भोक, भोकावर दुधी काच,
काचेखाली चाळीसचा दिवा.
मे महिन्यात त्या दिव्यावर मनगट टेकून रेघ ओढायची.
घामाचा थेंब कागदावर पडला की आगासकर म्हणत,
"हत्ती रडला. नवा कागद घे."

हत्ती त्यांचा.
अल्पबचतीसाठी कुठल्याशा खात्याला हवा होता,
सोंडेनं नाणी वेचून मडक्यात टाकणारा.
भिंतीवर त्याची गोष्ट टाचण्यांनी टोचलेली:
बेचाळीस चौकोन, काडेपेटीहून जरा मोठे,
कोळशानं, घाईघाईत,
काहींवर चहाच्या कपाचं गोल.
तेविसावा कोरा.
मी नवी होते. विचारलं, हा राहिला का?
म्हणाले, "नाही. इथे तो विचार करतो."

माझं काम मधलं.
सोंड खाली हे पहिलं चित्र त्यांचं,
सोंड वर हे नववं त्यांचं,
दोन ते आठ माझे.
"तुझं चित्र कुणाला दिसता कामा नये," ते सांगत,
"दिसलं तर समज, हत्तीला ठेच लागली."
सेकंदाचा बारावा भाग एवढीच एकेकाची हयात.
त्यातल्या चौथ्याच्या डोळ्याखाली मी
माझ्या आजोबांची सुरकुती घातली होती.
घरी कुणाला सांगितलं नाही.

सेल परवान्यावर यायचे, महाग.
शूटिंग उरकलं की शनिवारी
मी आणि फिलोमिना परेरा मोरीत बसून
सोड्याच्या कोमट पाण्यात हत्ती धुवायचो.
पोटाचा करडा आधी सुटे,
मग नखं, मग सुळ्यांचा पांढरा,
काळी रेघ सगळ्यात चिवट.
फिलोमिना म्हणे, "तुमच्या गणपतीला दीड दिवस तरी मिळतो गो!"
दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या त्या रिकाम्या पानांतून
समोरच्या गच्चीतला पारशी म्हातारा दिसायचा,
बशीत चहा ओतणारा.
सोमवारी त्याच पानांवर मलेरियाचा डास.
उजेडात तिरका धरला
तर डासाच्या पंखामागे
एक ओरखडा, कानाएवढा.

खात्याचे साहेब आले ते घड्याळ काढूनच.
तेविसाव्यावर बोट ठेवलं.
"पावणेदोन सेकंद काहीच होत नाही?
जनतेचा पैसा आहे, आगासकर."
आगासकरांनी टाचणी काढली,
शर्टाच्या कॉलरला टोचली
आणि चहा सांगितला.
मी तर तो विचार आधीच काढून ठेवला होता.
एकवीस कागद:
कान किंचित खाली, पापणी, थांबणं,
थांबणंच, थांबणंच,
आणि कान पुन्हा वर.

ग्रँट रोडच्या थेटरात मोठ्या पिक्चरआधी लागला तो.
लोक अजून खुर्च्या शोधत होते.
भावाला म्हटलं, बघ, बघ,
तो वेफर्स आणायला गेलेला.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा भिंतीवरचे चौकोन
खालच्या दुकानदारानं नेले,
बॅटऱ्यांखाली घालायला. ॲसिड सांडायचं ना.
आगासकरांच्या घरून कधीतरी एक पोस्टकार्ड आलं,
कोपरा फाडलेलं.

गेल्या महिन्यात फोर्टच्या गॅलरीतला एक मुलगा आला,
पांढरे हातमोजे घालून, फार अदबीचा.
"मावशी, ओरिजिनल काही उरलंय?"
काय सांगू त्याला?
पास झालेला सगळा हत्ती
ताडदेवच्या गटारातून समुद्राला मिळाला.
जो पास झाला नाही, जो सेलवर चढलाच नाही,
तो कपाटात, पैठणीच्या घडीखाली,
एकवीस कागदांचा, डांबरगोळीच्या वासाचा.

मी गठ्ठा त्याच्या हातात दिला.
म्हटलं, बघायचा नसतो असा एकेक.
कोपरा धर. अंगठ्यानं सोड.
हातमोज्यात अंगठा सरकेना.
जरा घुटमळला,
मग त्यानं एक मोजा काढला.